अल्बर्ट शँकर

अल्बर्ट शँकर (१४ सप्टेंबर, १९२८ - २२ फेब्रुवारी, १९९७) हे अमेरिकेतील शिक्षक, कामगार नेते आणि शिक्षणविषयक स्तंभलेखक होते. न्यू यॉर्क शहरातील शिक्षकांच्या युनायटेड फेडरेशन ऑफ टीचर्स या संघटनेचे नेतृत्व त्यांनी सुमारे दोन दशके केले. १९७४ पासून मृत्यूपर्यंत ते अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या देशव्यापी महासंघाचे अध्यक्ष होते. अमेरिकेतील सनदी शाळांच्या (चार्टर शाळांच्या) कल्पनेला देशभर प्रसिद्धी मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते.

सनदी शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी व फी न आकारणारी, परंतु शिक्षण मंडळाच्या बहुतेक नियमांतून मोकळी असलेली शाळा. ठरावीक मुदतीत काय साध्य करायचे याचा लेखी करार तिच्या चालकांशी केला जातो. हा करार म्हणजेच तिची सनद होय. मोजक्या शिक्षकांनी पालकांच्या संमतीने अशी छोटी शाळा उभारावी, असा प्रस्ताव शँकर यांनी १९८८ मध्ये मांडला. त्याच्या वीस वर्षे आधी, १९६८ मध्ये, पालकांच्या हाती कारभार असलेल्या शाळांतून शिक्षकांना दूर केल्याच्या निषेधार्थ त्यांनी संपूर्ण न्यू यॉर्क शहराच्या शाळा बंद पाडल्या होत्या. शाळेवर अधिकार कोणाचा, पालकांचा की शिक्षकांचा, हा प्रश्न त्यांच्या सार्वजनिक जीवनात अखेरपर्यंत कायम राहिला.

बालपण आणि शिक्षण

शँकर यांचा जन्म न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन भागातील लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीत झाला. त्यांचे आई-वडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू होते. वडील मॉरिस वर्तमानपत्रे पोहोचवण्याचा व्यवसाय करीत, तर आई मेमी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काम करीत असे. कामाचे अमर्याद तास आणि तुटपुंजी मजुरी यांतून संघटनेमुळेच सुटका झाली, अशी आईची ठाम श्रद्धा होती. कामगार संघटनेविषयीचा आदर शँकर यांच्यात घरातूनच आला.

त्यांचे बालपण क्वीन्स भागात गेले. शाळेत पाऊल टाकले तेव्हा त्यांना घरात बोलली जाणारी यिडिश भाषाच येत होती. आसपासच्या वस्तीत ज्यू कुटुंबे थोडी असल्याने त्यांना इतर मुलांचा छळ सोसावा लागला. एका प्रसंगी तर मुलांनी त्यांच्या गळ्यात दोर अडकवला होता. परक्या भाषेतून आलेल्या मुलाला सरकारी शाळेने देशाचा नागरिक घडवले, हा स्वतःचा अनुभव त्यांच्या पुढील विचारांच्या मुळाशी दिसतो. सरकारी शाळा विविध वंशांच्या आणि धर्मांच्या मुलांना एकत्र आणते, म्हणून ती टिकली पाहिजे, ही भूमिका त्यांनी कधीही सोडली नाही.

स्टायव्हेसंट हायस्कूलमध्ये ते वादविवादपटू म्हणून ओळखले जात. १९४९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी तत्त्वज्ञान विषयात पदवी घेतली. पुढे कोलंबिया विद्यापीठात याच विषयात डॉक्टरेटसाठी अध्ययन केले, परंतु पैशांची चणचण भासू लागल्याने प्रबंध अपुरा राहिला आणि ते शाळेत शिकवू लागले.

शिक्षकी पेशा आणि संघटनेची उभारणी

१९५२ मध्ये शँकर ईस्ट हार्लेममधील एका प्राथमिक शाळेत बदली शिक्षक म्हणून रुजू झाले आणि नंतर क्वीन्समधील ॲस्टोरिया येथे गणित शिकवू लागले. वर्ग सांभाळणे त्यांना सुरुवातीस जड गेले. नोकरीच्या पहिल्या काही आठवड्यांत उपमुख्याध्यापक वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा आता मार्गदर्शन मिळेल अशी शँकर यांना आशा वाटली. उपमुख्याध्यापकांनी मात्र जमिनीवर पडलेल्या कागदाच्या कपट्यांकडे बोट दाखवले आणि असे असणे शिक्षकाच्या पेशाला शोभत नाही, एवढे सुनावून ते निघून गेले. हा प्रसंग शँकर पुढे अनेक वर्षे सांगत असत. शिकवण्यात मदत शून्य आणि देखरेख मात्र पदोपदी, अशी शिक्षकाची तत्कालीन स्थिती त्यातून स्पष्ट होते.

त्या काळी न्यू यॉर्कमधील सुमारे पन्नास हजार शिक्षक विषय, धर्म, शाळेचा स्तर आणि शहराचा विभाग यांनुसार शंभराहून अधिक लहान संघटनांत विखुरलेले होते. शँकर टीचर्स गिल्ड या संघटनेत सामील झाले आणि १९५९ मध्ये वर्ग सोडून पूर्णवेळ संघटक झाले. १९६० मध्ये गिल्ड आणि माध्यमिक शिक्षकांचा एक गट यांच्या एकत्रीकरणातून युनायटेड फेडरेशन ऑफ टीचर्स स्थापन झाली. सरकारी नोकरांना संप करण्यास कायद्याने बंदी असतानाही ७ नोव्हेंबर, १९६० रोजी तिने एक दिवसाचा संप केला. त्यात सहभागी झालेले शिक्षक थोडेच, सुमारे पाच हजार होते. तरीही पुढच्याच वर्षी झालेल्या मतदानात शिक्षकांच्या वतीने वाटाघाटी करण्याचा अधिकार या संघटनेने मिळवला. १९६४ मध्ये शँकर तिचे अध्यक्ष झाले.

याच काळात नागरी हक्कांच्या चळवळीशीही त्यांचा निकटचा संबंध होता. १९६५ मध्ये अलाबामा राज्यातील सेल्मा येथे निघालेल्या मोर्चात ते सहभागी झाले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी मोर्चात चालणाऱ्या या नेत्याचा तीनच वर्षांनी कृष्णवर्णीय पालकांशी उघड संघर्ष झाला.

ओशन हिल-ब्राउन्सव्हिलचा संघर्ष

न्यू यॉर्कच्या शाळांचा कारभार एका मध्यवर्ती शिक्षण मंडळाकडे होता. कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांच्या वस्त्यांतील शाळा गर्दीच्या आणि दुर्लक्षित होत्या. गोऱ्या मुलांबरोबर आपल्या मुलांनाही चांगल्या शाळांत जागा मिळावी, अशी या पालकांची मागणी होती. ३ फेब्रुवारी, १९६४ रोजी या मागणीसाठी साडेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला. तरीही फारसे काही बदलले नाही. मुले एकत्र शिकणार नसतील तर निदान आपल्या वस्तीतील शाळा आपल्या ताब्यात द्या, अशी मागणी त्यानंतर पुढे आली.

१९६७ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पाठबळाने प्रयोगादाखल काही भागांत स्थानिक नियामक मंडळे नेमण्यात आली. ब्रुकलिनमधील ओशन हिल-ब्राउन्सव्हिल हा त्यांपैकी एक भाग होता. तेथील आठ शाळांचा कारभार पालकांनी निवडलेले प्रतिनिधी आणि वस्तीतील कार्यकर्ते यांच्या मंडळाकडे आला. ऱ्होडी मकॉय हे त्याचे प्रशासक होते. मंडळाला नेमके कोणते अधिकार आहेत हे मात्र शहराने कधीच स्पष्ट केले नाही.

९ मे, १९६८ रोजी या मंडळाने तेरा शिक्षक आणि सहा पर्यवेक्षक-मुख्याध्यापक अशा एकोणीस जणांना पत्रे पाठवून त्यांची या भागातील सेवा संपल्याचे कळवले. यांपैकी बहुतेक जण गोरे होते आणि अनेक जण ज्यू होते. आपल्या मुलांना कोणी शिकवावे हे ठरवता येत नसेल तर शाळेच्या कारभाराला अर्थच उरत नाही, अशी पालकांची भूमिका होती. आरोप सिद्ध न करता आणि शिक्षकाचे म्हणणे ऐकून न घेता त्याला काढता येत असेल, तर कोणत्याही शाळेत कोणताही शिक्षक सुरक्षित राहणार नाही, अशी शँकर यांची भूमिका होती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, त्यामुळे तडजोड अधिकच अवघड झाली. चौकशीसाठी नेमलेले निवृत्त न्यायाधीश फ्रान्सिस रिव्हर्स हे स्वतः कृष्णवर्णीय होते. शिक्षकांवरील आरोपांना पुरेसा आधार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. मंडळाने मात्र त्या शिक्षकांना परत घेतले नाही.

९ सप्टेंबर, १९६८ पासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तीन टप्प्यांत संप झाला. शाळेचे छत्तीस दिवस बुडाले आणि दहा लाखांहून अधिक मुले घरी बसली. काही ठिकाणी पालकांनी आणि संपाबाहेर राहिलेल्या शिक्षकांनी शाळांची कुलुपे उघडून वर्ग चालवले. ओशन हिल-ब्राउन्सव्हिलमध्ये तर नव्याने नेमलेल्या शिक्षकांच्या बळावर शाळा सुरूच राहिल्या. संपाच्या काळात ज्यूद्वेषी मजकुराचे एक निनावी पत्रक आढळले. संघटनेने त्याच्या लाखो प्रती छापून वाटल्या. विरोधकांचे खरे रूप लोकांसमोर यावे हा शँकर यांचा हेतू होता, परंतु मूठभरांचे विष त्यामुळे शहरभर पसरले, अशी टीका त्यांच्यावर झाली. बेयार्ड रस्टिन आणि ए. फिलिप रँडॉल्फ हे नागरी हक्क चळवळीतील ज्येष्ठ नेते शँकर यांच्या बाजूने उभे राहिले, तर चळवळीतील अनेक तरुण त्यांच्यापासून कायमचे दुरावले.

अखेरीस राज्य सरकारने हस्तक्षेप करून शिक्षकांना कामावर परत घेण्यास भाग पाडले. १९६९ च्या कायद्याने शहरात स्थानिक शाळा मंडळे निर्माण झाली, पण त्यांचे अधिकार मर्यादित ठेवण्यात आले आणि ओशन हिल-ब्राउन्सव्हिलचा स्वतंत्र प्रयोग संपुष्टात आला. १९६७ आणि १९६८ च्या संपांबद्दल शँकर यांना दोन वेळा, प्रत्येकी पंधरा दिवसांचा, तुरुंगवास भोगावा लागला. शिक्षकांनी लढा जिंकला. मात्र ज्या मुलांना ते शिकवत होते त्यांच्यापैकी अनेकांच्या पालकांचा विश्वास त्यांनी गमावला. शँकर यांची प्रतिमा तर इतकी भयावह झाली, की वुडी ॲलन यांच्या १९७३ मधील 'स्लीपर' या विनोदी चित्रपटात जगाच्या विनाशाचे खापर शँकर यांच्या हाती आलेल्या अणुबॉम्बवर फोडलेले आहे.

वर्गसहायकांचा प्रश्न

संपानंतर लगेचच शँकर यांनी वर्गसहायकांना संघटनेत घेण्याचे ठरवले. हे सहायक शिक्षकाच्या हाताखाली वर्गात मदत करीत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन वस्त्यांतील होत्या आणि अनेकींची मुले त्याच शाळांत शिकत होती. संपाच्या आठवणी ताज्या असल्याने कित्येक शिक्षक या निर्णयाबाबत नाखूश होते. तरीही शँकर यांनी आपले सारे वजन वापरून त्यांची मने वळवली. १९६९ मध्ये सहायकांनी मतदानाने या संघटनेची निवड केली. १९७० च्या करारात त्यांना वेतनवाढीबरोबरच महाविद्यालयीन शिक्षणाची सोय मिळाली. त्या सोयीचा लाभ घेऊन पुढील काळात हजारो सहायक पदवीधर शिक्षक झाले. आई म्हणून शाळेच्या दाराशी आलेली स्त्री शिक्षिका म्हणून वर्गात उभी राहण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

राष्ट्रीय नेतृत्व आणि लेखन

डिसेंबर १९७० पासून शँकर यांनी द न्यू यॉर्क टाइम्स या दैनिकात 'व्हेअर वी स्टँड' हा साप्ताहिक स्तंभ सुरू केला. ही जागा संघटना जाहिरातीचे पैसे भरून घेत असे. मृत्यूपर्यंत चाललेल्या या स्तंभात त्यांनी सुमारे १,३०० लेख लिहिले. संपामुळे मलीन झालेली प्रतिमा युक्तिवादाने पुसण्याचा हा प्रयत्न बराच यशस्वी झाला. १९७५ मध्ये न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीतून १५ कोटी डॉलरचे रोखे घेण्यास त्यांनी अखेरच्या क्षणी मान्यता दिली आणि शहरावरील संकट टळले.

१९८३ मध्ये राष्ट्रीय आयोगाने 'अ नेशन ॲट रिस्क' हा अहवाल प्रसिद्ध करून अमेरिकन शाळांच्या घसरत्या दर्जावर बोट ठेवले. शिक्षक संघटनांनी त्यावर तुटून पडावे अशी अपेक्षा असताना शँकर यांनी त्यातील मुख्य मुद्दा मान्य केला. सरकारी शाळा सुधारल्या नाहीत तर लोक त्यांचा त्याग करतील आणि खाजगी शाळांसाठी सरकारी पैसा मागतील, अशी त्यांना भीती होती. नव्या शिक्षकांसाठी कठोर राष्ट्रीय परीक्षा असावी, असे त्यांनी १९८५ मध्ये सुचवले. अनुभवी व निपुण शिक्षकांना प्रमाणपत्र देणारे राष्ट्रीय मंडळ १९८७ मध्ये स्थापन झाले. त्यामागील प्रयत्नांतही त्यांचा वाटा होता.

सनदी शाळेची कल्पना

१९८७ मध्ये शँकर यांनी जर्मनीतील कोलोन शहराच्या होल्वाइडे भागातील एका शाळेला भेट दिली. तेथे शिक्षकांचा एक छोटा गट पाचवीत आलेल्या मुलांची जबाबदारी घेई आणि तीच मुले दहावी पूर्ण करीपर्यंत त्यांना सोडत नसे. कोणता विषय किती वेळ शिकवायचा आणि कोणत्या शिक्षकाने कोणता वर्ग घ्यायचा, हे तो गटच ठरवी. मुले लहान लहान मेजांभोवती एकत्र बसून शिकत. त्यांत तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांची मुलेही होती. वरून आलेल्या आदेशांवाचून शिक्षक शाळा चालवू शकतात, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण शँकर यांच्या मनात ठसले.

३१ मार्च, १९८८ रोजी वॉशिंग्टन येथील नॅशनल प्रेस क्लबमध्ये केलेल्या भाषणात त्यांनी आपला प्रस्ताव मांडला. त्यानुसार मोजक्या शिक्षकांचा गट नव्या शाळेची योजना लिहून काढील. केवळ फळ्यासमोर उभे राहून दिलेली व्याख्याने ऐकून जी मुले शिकत नाहीत, त्यांच्यासाठी काय वेगळे करणार, हे त्या योजनेत सांगावे लागेल. शिक्षण मंडळ आणि शिक्षक संघटना यांची संयुक्त समिती ती तपासून मान्यता देईल. नवी इमारत उभारण्याची गरज नसून अस्तित्वात असलेल्या शाळेच्या आवारातच ही छोटी शाळा भरू शकेल. तेथे शिकवणारे शिक्षक आणि मुलांना पाठवणारे पालक स्वेच्छेने येतील. हुशार किंवा सुस्थितीतील मुले निवडून घेता येणार नाहीत. पालकांची आणि शिक्षकांची इच्छा आहे तोवर पाच ते दहा वर्षे या शाळेला कोणी हात लावणार नाही आणि तिला जे साधेल ते इतर शाळांना शिकता येईल.

सनद हा शब्द शँकर यांनी रे बड यांच्याकडून घेतला आणि आपल्या स्तंभातून तसा उल्लेखही केला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवणाऱ्या बड यांनी शिक्षकांच्या गटांना नवे अभ्यासक्रम आखण्यासाठी सनदा द्याव्यात, अशी कल्पना पूर्वीच मांडली होती. तिची व्याप्ती शँकर यांनी पूर्ण शाळेपर्यंत नेली. जुलै १९८८ मध्ये महासंघाच्या अधिवेशनाने या प्रस्तावाला पाठिंबा दिला.

१९६८ च्या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर या प्रस्तावाचे स्वरूप लक्षणीय ठरते. ओशन हिलमध्ये पालकांना शाळा मिळाली होती, परंतु तेथील शिक्षक त्यांनी निवडलेले नव्हते. आणि शिक्षकांनीही ते पालक निवडले नव्हते. नव्या शाळेत दोघेही आपण होऊन एकत्र येणार होते. त्याचबरोबर संघटनेची संमती ही अट कायम ठेवून शँकर यांनी शिक्षकाचे संरक्षणही अबाधित राखले होते.

कल्पनेचा प्रवास आणि शँकर यांचा विरोध

ऑक्टोबर १९८८ मध्ये शँकर यांनी मिनेसोटा राज्यात एका परिसंवादात ही कल्पना सांगितली. तेथील लोकप्रतिनिधींनी ती उचलून धरली आणि १९९१ मध्ये अमेरिकेतील पहिला सनदी शाळा कायदा मिनेसोटात संमत झाला. त्याने सुरुवातीस केवळ आठ शाळांना परवानगी दिली. शाळेच्या नियामक मंडळाची निवड तेथील पालक आणि कर्मचारी करतील व मंडळात शिक्षकांचे बहुमत असेल, अशी तरतूद त्यात होती. मात्र संघटनेची संमती आवश्यक ठेवण्यात आली नाही आणि राज्यातील शिक्षक संघटनांनी कायद्याला विरोध केला. सप्टेंबर १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही देशातील पहिली सनदी शाळा उघडली. शहरातील सरकारी शाळांमधील शिक्षकांनी शाळा सोडून दिलेल्या मुलांसाठी ती सुरू केली होती. नगरपालिकेच्या एका क्रीडा व करमणूक केंद्रात अगदी थोड्या विद्यार्थ्यांसह तिचे वर्ग भरू लागले. शँकर यांच्या मूळ कल्पनेशी तिचे बरेच साम्य होते.

पुढील काही वर्षांत अनेक राज्यांनी कायदे केले आणि चित्र पालटले. नफा मिळवणाऱ्या कंपन्या शाळा चालवण्यासाठी पुढे आल्या. सरकारी शाळांना स्पर्धेने वठणीवर आणावे असे म्हणणाऱ्यांना सनदी शाळा हे सोयीचे साधन वाटू लागले. बहुतेक नव्या शाळांत शिक्षक संघटनेला स्थान नव्हते. १९९४ मध्ये मिशिगन राज्यात घरीच शिकणाऱ्या मुलांना संगणकाने जोडून त्यालाच सनदी शाळा म्हणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शँकर यांनी आपल्या स्तंभात त्यावर कडक टीका केली. सर्वांना समान अभ्यासक्रम आणि समान कसोट्या नसतील तर प्रत्येक गट आपापल्या मुलांसाठी वेगळी शाळा काढील आणि सर्वांना एकत्र आणणारी सरकारी शाळा विस्कळीत होईल, असा इशारा ते देत राहिले. ज्या कल्पनेचा त्यांनी देशभर प्रचार केला होता, तिचेच आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते प्रमुख टीकाकार बनले.

मृत्यू आणि सन्मान

कर्करोगाने दीर्घकाळ आजारी असलेल्या शँकर यांचे २२ फेब्रुवारी, १९९७ रोजी न्यू यॉर्क येथे वयाच्या ६८ व्या वर्षी निधन झाले. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यांना मरणोत्तर 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. रिचर्ड काहलेनबर्ग यांनी लिहिलेले त्यांचे 'टफ लिबरल' हे चरित्र २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

अमेरिकेतील चाळीसहून अधिक राज्यांत आज सनदी शाळा आहेत आणि त्यांत तीस लाखांहून अधिक विद्यार्थी शिकतात. त्यांतील काही शाळा पालक आणि शिक्षक यांनी मिळून काढलेल्या छोट्या शाळा आहेत, तर अनेक शाळा मोठ्या संस्थांच्या साखळीचा भाग आहेत. शिक्षक संघटना असलेल्या शाळांचे प्रमाण अल्प आहे. शँकर यांच्या संघटनेने २००५ मध्ये ब्रुकलिनच्या ईस्ट न्यू यॉर्क भागात, ओशन हिल-ब्राउन्सव्हिलपासून जवळच, स्वतःची सनदी शाळा उघडली. तेथील प्राथमिक आणि मधल्या इयत्तांचे वर्ग अपेक्षित यश न मिळाल्याने २०१५ मध्ये बंद करावे लागले.

शँकर यांच्या चाहत्यांच्या मते शिक्षकाला प्रतिष्ठा आणि संरक्षण मिळवून देणे हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य होय. १९६८ मध्ये त्यांनी गरीब वस्त्यांतील पालकांची एक न्याय्य आकांक्षा चिरडली, असे टीकाकार म्हणतात. शाळा उभी राहण्यास पालकांचा विश्वास आणि शिक्षकाचे स्वातंत्र्य दोन्ही लागतात, हे १९८८ च्या प्रस्तावातून त्यांनी मान्य केले होते. या दोहोंची सांगड कायद्याने कशी घालावी, हा वाद अमेरिकेतील सनदी शाळांच्या बाबतीत अजूनही चालू आहे.